पाचला सगळे आत

वेंगुर्ले

चि. सौ. मनी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या बोटीचा तक्ता फोनवर मिळाला. रंगीत रकाने पाडलेले पाहून तो जावईबापूंनी केलाय हे न सांगता कळलं. सकाळी आठला ऱ्होड्सला बोट लागणार, संध्याकाळी साडेपाचला सुटणार, आणि मधल्या वेळात लिंडोस, फुलपाखरांची दरी, कालिथेआचे झरे, मॉन्टे स्मिथची टेकडी, जुनं शहर, मांद्राकी बंदर आणि शेवटी समुद्रस्नान. सात ठिकाणं! मामी म्हणाली, "ही फिरायला चाललीत की पोस्टाची पाकिटं वाटायला?"

बोटीची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं, असं तू विचारलंस. आपलं आपण फिरा. ऱ्होड्ससारखं बंदर त्यासाठीच आहे, धक्क्यावरून दहा मिनिटं चाललं की तटाचा दरवाजा. पण मी बावीस वर्षं प्रवासी बोटींवर केबिनी झाडल्या आहेत, आणि धक्क्यावरून चपला हातात घेऊन धावणारी माणसं वरच्या डेकवरून पाहिली आहेत. तेव्हा होकाराबरोबर थोडं ऐकून घ्यावं लागेल.

आधी हिशेब. बोटीने विकलेल्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते, कारण ती जबाबदारी तिची. तुम्ही स्वतःहून गेलात तर ती थांबायला बांधील नाही. बंदरातली जागा, पायलट, पुढच्या बंदरातली वेळ, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. दोन माणसांसाठी ते कुणी मोडत नाही. साडेपाचला सुटते म्हणजे पाचला सगळे आत. तेव्हा साडेपाच हा आकडा तक्त्यातून खोडूनच टाक. आणि आठला लागते म्हणजे आठला उतरता येतं असंही नाही. दोर बांधायचे, बंदरवाल्यांचे कागद व्हायचे, शिडीपाशी रांग लागायची, यात पाऊण तास गेला असं धर. राहिले सव्वाआठ तास. त्यातून जेवण, पाणी, संडास शोधणं आणि जावईबापूंचं प्रत्येक दुकानात डोकावणं वजा कर. उरलेल्या वेळात सात काय, दोन ठिकाणंही नीट होत नाहीत.

माझा नियम सांगतो. कुठेही गेलात तरी दुपारी तीनला तटाच्या आत परत. तिथून पुढचे दोन तास उनाडायला मोकळे, कारण तिथून काहीही बिघडलं तरी पायी बोट गाठता येते. आणि मनगटी घड्याळ घाल. वेळ बोटीची धरायची, फोनची नाही. इटलीहून ग्रीसला येताना घड्याळ एक तास पुढे जातं आणि बोटीवर ते कधी पुढे करतात हे केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद लोक वाचत नाहीत, त्यावर कॉफीचा कप ठेवतात.

त्याच कागदावर बंदरातल्या एजंटाचा नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेव. का, तर ऐक. एकदा माझ्या मजल्यावरचं एक जोडपं परत आलंच नाही. अधिकाऱ्याबरोबर मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. तिजोरी उघडून पासपोर्ट काढले, पाकिटात घातले, ते पाकीट धक्क्यावर एजंटाकडे गेलं. पलंगाशेजारी गोळ्यांची डबी होती, वारांचे कप्पे असलेली. सोमवार रिकामा, मंगळवारपासून भरलेली. न्हाणीघरात ओला पोहण्याचा पोशाख वाळत घातलेला. भोंगा झाला, बोट हलली, तेव्हा मी त्यांच्याच चादरी बदलत होतो, कारण त्या वेळेला त्या बदलायच्याच असतात. म्हणून सांगतो, जावईबापूंच्या साखरेच्या गोळ्या दोन दिवसांच्या तरी खिशात असू देत. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्सही जवळ असू दे. आणि ते व्हिसाचं पान आत्ताच एकदा बघ. तुमची बोट मध्ये तुर्कस्तानात कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला येते, म्हणजे शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर पंचाईत होईल. तिकिटाचा एजंट 'सगळं होतं हो' म्हणेल. तू स्वतः वाच.

आता तक्ता. फुलपाखरांची दरी काट. ती खरं तर फुलपाखरं नव्हेत, पतंग आहेत. उन्हाळ्यात ओलाव्याला आणि झाडांच्या डिंकाच्या वासाला येऊन बसतात. माणसं टाळ्या वाजवून त्यांना उडवतात, त्यात त्यांची शक्ती जाते आणि संख्या घटते. न गेलात तर त्यांच्यावर उपकारच होतील. झरे काट. टेकडीही काट.

लिंडोस काटायला मात्र माझा हात धजत नाही. पन्नास किलोमीटरवर, गावाच्या डोक्यावर ११६ मीटर उंच खडक, आणि वर अथीनेचं देऊळ. चढाच्या पायऱ्यांपाशी खडकात एका जहाजाची मागची बाजू कोरलेली आहे, साधारण इ.स.पू. १८० मधली. आपल्यासारख्या दर्यावर्दी गावच्या माणसाने ती पाहावीच. मी पाहिली आणि तिथेच फसलो. साल १९९८. चार तासांची सुट्टी, बरोबर एक गोव्याचा वेटर. मांद्राकीजवळच्या नव्या बाजारापाशी बस धरली, ती दर वस्तीला थांबत गेली. वर पोहोचेपर्यंत डोक्यावर ऊन, सावली नावाला नाही. त्या दगडी जहाजापाशी आम्ही बसलो ते बसलोच. खाली आलो तर परतीची बस खच्चून भरलेली. ड्रायव्हरने हाताने 'नाही' केलं आणि गेला. दोघांच्या खिशातले मिळून जेवढे द्राख्मा होते तेवढ्यात एक टॅक्सीवाला तयार झाला. आम्हा खलाशांची वेळ प्रवाशांच्या आधीची असते; दहा मिनिटं उशीर झाला आणि लेखी ताकीद मिळाली. ते पत्र मामीने जपून ठेवलंय, भांडणात काढते.

तेव्हा लिंडोस हवंच असेल तर तेवढं एकच करा. सकाळची पहिली मिळेल ती बस, परतीचं ठरवूनच चढायला सुरुवात, आणि जुन्या शहरावर पाणी सोडायचं. माझं मत विचारशील तर उलटं कर. लिंडोसवर पाणी सोड आणि दिवसभर तटाच्या आत राहा.

आत शिरलं की गर्दी एकाच वाटेने जाते. झेंडीवाला गाईड पुढे, मागे चाळीस माणसं: हिप्पोक्रेट्सचा चौक, सॉक्रेटिस रस्ता, सरदारांची गल्ली, महाल. त्यातली सरदारांची गल्ली मात्र चुकवू नका, फक्त ती टोळी पुढे जाऊ द्या. १३०९ पासून १५२२ पर्यंत हे बेट सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचं होतं. युरोपभरचे लोक, म्हणून ज्याच्या त्याच्या भाषेप्रमाणे गट पाडलेले: फ्रान्स, प्रोव्हान्स, इटली, इंग्लंड. एकेका भाषेची या गल्लीत स्वतंत्र धर्मशाळा, दारावर दगडात कोरलेली चिन्हं, आणि तटाचा एकेक तुकडाही भाषेवार राखायला दिलेला. आपल्याकडे भाषावार रचनेसाठी १९६० उजाडावं लागलं, यांनी ती एका गल्लीत बसवली होती. हे योद्धे मुळात रुग्णसेवा करणारे. त्यांच्या जुन्या इस्पितळात आता संग्रहालय आहे. तिकीट काढायचंच तर त्याचं काढा. वरच्या मजल्यावर आजाऱ्यांचं लांबलचक दालन आहे, मधोमध कमानींची रांग. तिथे दुपारीसुद्धा गारवा असतो.

त्यांचा भव्य महाल मात्र जुना समजून हरखू नका. १८५६ मध्ये दारूच्या साठ्याचा स्फोट होऊन तो परिसर उद्ध्वस्त झाला. आज दिसतो तो इटालियनांनी १९३७ ते १९४० मध्ये बांधून काढलेला, मुसोलिनीच्या अमदानीतला. म्हणजे तुझ्या आजोबांहून वयाने लहान. जमिनीवरची सुंदर चित्रंसुद्धा कोस बेटावरून आणून बसवलेली. आणि तो प्रचंड पुतळा, ज्याच्या दोन पायांमधून गलबतं जात असत म्हणतात, तो शोधू नका. पुतळा होता हे खरं. इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंपात तो कोसळला. पायांमधून गलबतं ही नंतरच्या लोकांनी मारलेली थाप. बंदराच्या तोंडाशी आता खांबांवर दोन हरणं उभी आहेत, त्यांच्यावर समाधान माना.

मला विचारशील तर या गावातली खरी जागा खंदक आहे. तटाबाहेरून फिरणारा, कोरडा, रुंद. मी जायचो तेव्हा उतरायला तिकीट नव्हतं आणि माणूसही नसायचा. दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि गवतात दगडी तोफगोळे पडलेले. कुणी मांडून ठेवलेले नव्हेत, पडलेले. काही नारळाएवढे, काही दोघांनाही न हलणारे. एकावर हात ठेवून बघ. सकाळचं ऊन खाऊन एक बाजू तापलेली असते, खालची थंड. १४८० मध्ये तुर्कांचा वेढा फसला. १५२२ मध्ये त्यांचा सुलतान सुलेमान स्वतः आला, सहा महिने झुंजला, आणि १ जानेवारी १५२३ रोजी उरलेल्या योद्ध्यांना त्याने मानाने जाऊ दिलं. विजयदुर्गाच्या तटाखाली आपण उभे राहतो तेव्हा वर बघतो. इथे खाली बघावं लागतं.

तिथून पूर्वेकडच्या गल्ल्यांत ये. सागरी घोड्यांचं कारंजं असलेला एक चौक लागेल, भोवती खाणावळी, आणि झाडांखाली अनेक भाषांत कोरलेला काळा दगड. हा ज्यूंचा मोहल्ला. स्पेनमधून हाकलले गेलेले लोक इथे येऊन चारशे वर्षं जुनं स्पॅनिश बोलत राहिले. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी सोळाशेहून अधिक माणसं गोळा केली आणि याच शहराच्या बंदरातून नेली, आउशविट्झला. जेमतेम दीडशे वाचली. जवळच १५७७ चं त्यांचं प्रार्थनास्थळ अजून उभं आहे. तिथे पाचच मिनिटं थांबलात तरी चालेल, पण त्या वेळात आइस्क्रीम खाऊ नका.

पायात बूट घाला, सँडल नको. तिथल्या अंगणांत आणि गल्ल्यांत समुद्रातले गोटे उभे रोवून फरशी केलेली असते, 'होखलाकी' म्हणतात. दिसायला रांगोळीसारखी काळी-पांढरी, चालायला चण्यांवरून चालल्यासारखी.

खायचं म्हणशील तर तू शाकाहारी म्हणून घाबरू नकोस. 'पितारूदिया' माग: वाटलेले छोले, कांदा, टोमॅटो, पुदिना घालून तळलेली भजीच. आणखी एक शब्द लक्षात ठेव, 'नीस्तीसिमो', म्हणजे त्यांच्या उपवासाचं. त्यात मांस नाही, अंडं नाही, दूधही नाही. पण त्यांच्या उपवासाला कालवं आणि माकूळ चालतात, तेव्हा ताटात काय आलं ते बघूनच घास घे. बोलताना एक घोटाळा होतो. ग्रीक माणूस 'ने' म्हणाला की ते 'हो' असतं, आणि मान वर उडवून 'च्' केलं की 'नाही'. मी पहिल्या वर्षी बसस्टॉपवर तिघांना विचारलं, तिघांनीही 'ने, ने' केलं, आणि मी योग्य बस सोडून दिली.

तुमच्या बोटीच्या दुसऱ्या थांब्याचं, सँटोरिनीचं, फार लिहीत नाही. तिथे बोट धक्क्याला लागत नाही, लाँचमधून उतरावं लागतं, आणि वर फिरा गावात जायला केबलकार किंवा सुमारे ५८८ पायऱ्या. चढताना नव्हे, उतरताना रांगेचा वेळ धरा. बोटी तीन असल्या तर सगळी माणसं एकाच वेळी खाली यायला निघतात. गुडघे धड असतील तर पायऱ्यांनी उतरा, पण खेचरांच्या मागून नको.

येताना मामीला 'मेलेकूनी' आण. तीळ, मध, बदामाची वडी, ऱ्होड्सकडे लग्नात वाटतात. मऊ असते, आमच्या दातांना चालेल.

आणि पाचला दोघंही आत गेलात की मला एक फोटो पाठव. तटाचा नको, तो मी पाहिलाय. तुमच्या पलंगाचा पाठव, हल्ली चादरीचा कोपरा कसा दुमडतात ते बघायचं आहे. दुमडणाऱ्या पोराचं नावही विचारून ठेव.

तुझा,
मामा