करता करता ठरणारा आराखडा

लाकडी वस्तू घडविण्यापूर्वी तिचा संपूर्ण आराखडा कागदावर असलाच पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जेम्स क्रेनॉव्ह (१९२०–२००९) यांची रीत वेगळी होती. सायबेरियात जन्मलेले हे कारागीर स्वीडनमध्ये लाकूडकाम शिकले आणि १९८१ पासून कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग येथे ते शिकवू लागले. ते आधी फळ्या निरखीत, ढोबळ रेखाटन करीत, हलक्या लाकडाचा नमुना उभा करून पाहत आणि बारकावे काम पुढे सरकेल तसे ठरवीत.

ही रीत म्हणजे स्वैरता नव्हे. कोणता निर्णय आधी घ्यावयाचा आणि कोणता राखून ठेवावयाचा, हा विवेक तिचे मर्म आहे. पुस्तकांच्या मांडणीचे उदाहरण घेऊ.

जे बदलणार नाही, ते प्रथम ठरवावे. ए-फोर आकाराचा कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. मोठ्या वह्यांचा कप्पा त्याहून उंच हवा. दोन्ही टोकांवर टेकलेल्या फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तके तितक्याच दाटीने भरली, तर तिचा मधला बाक सोळापट होतो. याउलट जाडी दुप्पट केल्यास तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून लांबी, जाडी व आधार यांचा विचार करवत हाती घेण्यापूर्वीच व्हावा.

नंतर लाकडाचे म्हणणे ऐकावे. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. रुंद फळी दोन्ही कडांनी जखडली तर ती वाकते किंवा तडकते. गाठ कोठे आली, रेषा कशा गेल्या, हे पाहून कोणती फळी कोठे बसवावयाची ते ठरते.

पुढील मापे कागदावरून न घेता प्रत्यक्ष कामावरून घ्यावीत. उभ्या बाजू जुळल्यावर फळी जागेवर धरून खूण करावी. सांध्यात खाच आधी कोरावी व कुसू थोडेथोडे तासून तीत बसवावे. जास्तीचे लाकूड काढता येते. काढलेले परत लावता येत नाही. कडांची गोलाई, पायांची उंची यांसारख्या गोष्टी मांडणी उभी राहिल्यावर, चार पावले मागे सरून पाहून ठरवाव्यात.

शाळेच्या दृष्टीने यातील प्रश्न गंभीर आहे. वस्तू आराखड्याशी तंतोतंत जुळली तरच गुण मिळणार असतील, तर विद्यार्थी माप चुकल्यावर ते लपवावयास शिकतो. फळी वाया जाते आणि कारण कोणालाच कळत नाही. त्याऐवजी वहीत तीन रकाने असावेत : काय ठरविले, काय बदलले आणि का बदलले. वस्तू पूर्ण झाल्यावर तिचा अंतिम आराखडा विद्यार्थ्याने स्वतः काढावा. तिसरा रकाना ज्याला प्रामाणिकपणे भरता येतो, त्याच्या हाती पुढची फळी निर्धास्तपणे द्यावी.