एक किल्ली, दोन हात : गुप्तलेखनाच्या इतिहासातील एक धडा

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाला आपली पत्र्याची पेटी आठवत असेल. तिच्या कुलपाला दोन सारख्या किल्ल्या असत. एक मुलाच्या गळ्यातील दोऱ्याला, दुसरी वडिलांच्या खिशात. या साध्या व्यवस्थेतच गुप्तलेखनाचे एक मोठे शास्त्र आणि त्या शास्त्राचे दुबळेपणही सामावलेले आहे.

ज्या किल्लीने मजकूर गूढ करावयाचा, त्याच किल्लीने तो पुन्हा उलगडावयाचा, या पद्धतीस 'सममित कूटलेखन' म्हणतात. हजारो वर्षे राजे, सेनापती आणि व्यापारी हीच पद्धत वापरीत आले. ती वेगवान आहे आणि किल्ली पुरेशी मोठी असेल तर अत्यंत बळकटही आहे. मग तिचे वैगुण्य कोठे आहे? ते कुलपात नाही. किल्ली दुसऱ्याच्या हाती पोहोचविण्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचे 'एनिग्मा' यंत्र हे याचे ठळक उदाहरण होय. जर्मन भूसेनेच्या यंत्राची मांडणी सुमारे १५९ या आकड्यापुढे १८ शून्ये इतक्या प्रकारे करता येत असे. परंतु पाठविणारा व घेणारा या दोघांच्या यंत्रांची मांडणी एकच असणे अनिवार्य होते. त्यासाठी रोजच्या किल्ल्यांचे तक्ते छापून ठिकठिकाणी पोहोचवावे लागत. हान्स-थिलो श्मिट या जर्मन कर्मचाऱ्याने १९३१ पासून अशी गुप्त कागदपत्रे फ्रेंच हेरखात्यास विकली. त्यांत १९३२ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांच्या किल्ल्याही होत्या. ती कागदपत्रे पोलंडला मिळाली आणि मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने त्याच वर्षाच्या अखेरीस यंत्राची अंतर्गत जोडणी शोधून काढली. यंत्र भक्कम होते. माणूस फितूर झाला.

जर्मन नौदल अधिक सावध होते. त्यांची संकेतपुस्तके पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेली असत. फेब्रुवारी १९४२ मध्ये अटलांटिकमधील पाणबुड्यांना चार चक्रांचे नवे यंत्र मिळाले आणि ब्रिटिशांना त्यांचे संदेश सुमारे दहा महिने वाचता आले नाहीत. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात 'यू-५५९' ही पाणबुडी बुडत असता अँथनी फॅसन व कॉलिन ग्रेझिअर हे ब्रिटिश नौसैनिक आत उतरले. त्यांनी संकेतपुस्तके वर दिली. ते दोघे मात्र पाणबुडीबरोबर बुडाले. त्या पुस्तकांच्या आधारे डिसेंबरात संदेश पुन्हा वाचले जाऊ लागले. एका पाणबुडीतील सामायिक गुपित हाती आले आणि सर्वांचेच गुपित उघडे पडले.

दुसरे वैगुण्य संख्येचे आहे. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक जोडीला स्वतंत्र किल्ली द्यावयाची तर ७८० किल्ल्या लागतील. ४०० जणांच्या शाळेत ७९,८००. त्या करावयाच्या कोणी, वाटावयाच्या कशा आणि जपावयाच्या कोठे? तिसरे वैगुण्य साक्षीचे आहे. किल्ली दोघांकडेही एकच असल्याने वाद उपस्थित झाल्यास संदेश नेमका कोणी लिहिला, हे तिऱ्हाइतास केवळ किल्लीवरून सिद्ध करता येत नाही.

यावर १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी नवा मार्ग दाखविला. समजा, वडिलांनी किल्ली स्वतःजवळ ठेवून केवळ दाबून लागणारे उघडे कुलूप मुलाकडे पाठविले. मुलाने पेटी भरली, कुलूप दाबले आणि पेटी एस.टी.ने गावी धाडली. वाटेत किल्ली गेलीच नाही, तर ती चोरणार कोण? सार्वजनिक किल्लीचे तत्त्व हेच. मात्र ते कुलूप खरोखर वडिलांचेच आहे, याची खातरजमा येथेही करावी लागते. शिवाय ही पद्धत संथ असल्याने आज बँकेचा व्यवहार मोबाइलवर होतो तेव्हा दोन्हींचा मेळ घातला जातो : आधी या मार्गाने किल्ली ठरते, मग सममित पद्धतीने संदेश धावतात.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आज फोनवर गोड बोलून परवलीचा अंक विचारणारा ठक गणित सोडवीत नसतो. तो श्मिटसारखा माणूस शोधत असतो. तो अंक सांगणे म्हणजे आपली किल्ली आपल्याच हाताने त्याच्या स्वाधीन करणे होय.

ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवले होते की, पद्धत शत्रूस कळली तरी बाधा येऊ नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. शिक्षक म्हणून मला हे तत्त्व फार मोलाचे वाटते. विद्या सर्वांना खुली असावी, तिची चिकित्सा सर्वांनी करावी. जपावयाची ती आपल्या विश्वासाची किल्ली.