घटक ६ : 'मान्यताप्राप्त' या शब्दाचे वाचन – धर्मविद्येची दूरस्थ पदवी निवडताना

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• नोंदणी, मान्यता, संलग्नता, मूल्यांकन व समकक्षता या संज्ञांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• 'मान्यताप्राप्त', 'शासनमान्य' यांसारख्या सामासिक शब्दांचा विग्रह करून त्यांत न सांगितलेला अर्थ शोधता येईल.
• धर्मविद्येच्या दूरस्थ पदवीचे माहितीपत्रक चिकित्सकपणे वाचता येईल.

६.१ प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी पारोळा तालुक्यातील एक तरुण वडिलांसह माझ्याकडे एम.ए.च्या प्रवेशाची चौकशी करण्यास आला होता. कीर्तनात त्याला चांगली गती होती. एका संस्थेकडून तीन वर्षे शुल्क भरून, दूरस्थ पद्धतीने मिळवलेली धर्मशास्त्राची पदवी त्याच्याजवळ होती. त्या पदवीच्या आधारे विद्यापीठात प्रवेश मिळू शकत नाही, हे सांगण्याचे काम माझ्या वाट्यास आले. वडील बराच वेळ गप्प होते. मग अहिराणीत म्हणाले, "आम्ही इचारं व्हतं ना सर, मान्यता शे ना? त्यास्नी सांगं, शे."

'शे' म्हणजे 'आहे'. विशेष असे की, ते उत्तर शब्दशः खोटे नव्हते. संस्थेची धर्मादाय न्यास म्हणून नोंदणी झालेली होती आणि तिलाच 'मान्यता' म्हटले गेले होते. प्रश्न प्रामाणिक होता, पण अपुरा होता. तो पुरा कसा करावा, हा या घटकाचा विषय आहे. जळगाव-धुळे परिसरात शेती, नोकरी वा संसार सांभाळून शिकणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने हा विषय आपणा सर्वांच्या जवळचा आहे.

६.२ शब्दाचा विग्रह

'मान्य' म्हणजे मानण्यास योग्य किंवा मानलेले. त्यास 'ता' हा भाववाचक प्रत्यय लागून 'मान्यता' हे नाम सिद्ध होते. मानण्याची क्रिया म्हटली की मानणारा आणि मानले जाणारे अशा दोन गोष्टी आल्याच. परंतु 'मान्यताप्राप्त' या समासात मान्यता मिळाल्याचे तेवढे कळते. ती कोणी दिली, हे कळत नाही. 'शासनमान्य' हा तृतीया तत्पुरुष आहे : शासनाने मान्य केलेले. येथे कर्ता दिसतो, पण शासनाने नेमके काय मान्य केले – संस्थेची नोंदणी, तिची इमारत की तिची पदवी – हे गुलदस्त्यातच राहते.

समास हा भाषेचा काटकसरीचा मार्ग आहे. जाहिरातीत मात्र ही काटकसर वाचकाला महाग पडू शकते. म्हणून माहितीपत्रकातील असा प्रत्येक समास सोडवून त्याचे पूर्ण वाक्य करावे. त्यासाठी आपण व्याकरणात अभ्यासलेले कारकार्थ उपयोगी पडतात.

६.३ पाच कारके, पाच प्रश्न

(१) कर्ता : मान्यता कोणी दिली?

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे : केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेच्या कायद्याने खास अधिकार मिळालेल्या संस्था. कलम २३ नुसार इतर संस्थांना आपल्या नावात 'विद्यापीठ' हा शब्द योजता येत नाही. या तरतुदींचा भंग केल्यास कलम २४ प्रमाणे होणारा दंड मात्र जास्तीत जास्त १००० रुपये आहे. इतक्या अल्प दंडाच्या भरवशावर विद्यार्थ्याने निर्धास्त राहू नये.

आपल्या परिसरातील दोन उदाहरणे पाहू. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झाले. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. दोन्ही ठिकाणी कर्ता स्पष्ट आहे.

(२) कर्म : मान्यता कशाला दिली?

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखालील नोंदणीने संस्थेस कायदेशीर अस्तित्व मिळते. पदवीदानाचा अधिकार मिळत नाही. 'आयएसओ' प्रमाणपत्र व्यवस्थापनाच्या पद्धतीविषयी असते, ज्ञानाविषयी नव्हे. १९९४ मध्ये स्थापन झालेली 'नॅक' ही संस्था गुणवत्तेचे मूल्यांकन करून श्रेणी देते. ही श्रेणी म्हणजेही पदवीदानाचा परवाना नव्हे. शिवाय, एखाद्या विद्यापीठाचा एक दूरस्थ अभ्यासक्रम मान्य असला म्हणजे सगळेच मान्य ठरत नाहीत. म्हणून आपण ज्या अभ्यासक्रमास प्रवेश घेणार, त्याचेच नाव मान्यतेच्या यादीत शोधावे.

(३) करण : मान्यता कोणत्या कायद्याने दिली?

धर्मविद्येच्या क्षेत्रात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. ख्रिस्ती ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या, बंगालमधील सेरामपूर महाविद्यालयाचे उदाहरण घ्या. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये ते स्थापन केले. कॅरी हे नाव मराठीच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या सनदेने महाविद्यालयास पदवीदानाचा अधिकार मिळाला आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने त्याची व्यवस्था लागली. आज देशातील अनेक ईशज्ञान महाविद्यालये सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकी एक. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी सिनेटचे ख्रिस्ती अध्ययनाचे बाह्य अभ्यासक्रमही आहेत. याउलट, आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या संघटना ईशज्ञान संस्थांना जी अधिस्वीकृती देतात, ती शैक्षणिक समुदायाने परस्परांना दिलेली पावती असते. तिला मोल आहे, पण तिच्यामागे पदवीदानाचा कायदा नसतो.

राज्याने केलेला कायदाही प्रत्येक वेळी पुरेसा ठरत नाही. उत्तर प्रदेशातील मदरसा शिक्षणविषयक कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात वैध ठरवला. मात्र 'कामिल' व 'फाजिल' या उच्च पदव्यांविषयीच्या तरतुदी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिनियमाशी विसंगत असल्याने घटनाबाह्य ठरवल्या. हा निर्णय कोणत्याही धर्माच्या ज्ञानपरंपरेचे मूल्यमापन करीत नाही. पदवी कोण देऊ शकतो, एवढेच सांगतो.

(४) अधिकरण : मान्यता कोठे, केव्हा व कोणत्या पद्धतीसाठी आहे?

२००२ मध्ये छत्तीसगढच्या कायद्याखाली अल्पावधीत शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे उभी राहिली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर निकाल देताना त्या कायद्यातील आधारभूत तरतुदी रद्द केल्या आणि ती विद्यापीठे अस्तित्वातून गेली. विद्यार्थ्यांचे नुकसान टाळण्यासाठी पर्यायी व्यवस्था करावी, असा आदेशही न्यायालयास द्यावा लागला. काल असलेली मान्यता आज असेलच असे नाही.

दूरस्थ शिक्षणाचे नियमन पूर्वी दूरशिक्षण परिषद करीत असे. २०१३ पासून ते विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले. सध्या २०२० चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार राज्य विद्यापीठास दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या कार्यक्षेत्राबाहेर चालवता येत नाहीत आणि अध्ययन केंद्रे मक्त्याने दुसऱ्यास देता येत नाहीत. म्हणून धुळ्यातील एखाद्या गाळ्यात परराज्यातील विद्यापीठाची 'अधिकृत शाखा' दिसल्यास तेथेच थबकावे. पीएच.डी. दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. 'घरबसल्या डॉक्टरेट' ही जाहिरात वाचून दूर सारण्याची आहे. मात्र मान्य संस्थेने मान्य अभ्यासक्रमाची दूरस्थ पद्धतीने दिलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष असते, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. दूरस्थ शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण, हा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

(५) संप्रदान : ही पदवी कशासाठी हवी?

हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा आहे. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केली. तेथील चार वर्षांचे अध्ययन पूर्ण करून आलेल्या कीर्तनकारास खान्देशातील गावोगावी जो मान मिळतो, तो कोणत्याही गुणपत्रिकेवर अवलंबून नाही. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या उदार आश्रयाने उभे राहिले; साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते तेथेच अध्ययनासाठी. ज्ञानासाठी, साधनेसाठी वा आपल्या समाजाच्या सेवेसाठी शिकणाऱ्यास परंपरेची मान्यता पुरेशी असू शकते. पण तीच व्यक्ती उद्या एम.ए.ला प्रवेश घेणार असेल, स्पर्धा परीक्षेस बसणार असेल किंवा शिक्षकाची नोकरी मागणार असेल, तर तिला कायद्याने मान्य पदवीच लागेल. समकक्षतेचा निर्णयही पदवी देणारी संस्था करीत नाही. ज्या विद्यापीठाकडे वा नियोक्त्याकडे आपण जाणार, तो करतो. म्हणून प्रवेशापूर्वीच तेथे लेखी विचारणा करावी.

६.४ निवडीची कृती

माहितीपत्रक हाती आल्यावर पुढील क्रमाने जावे. पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. अध्ययन केंद्राचे नाव म्हणजे विद्यापीठाचे नाव नव्हे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक सत्र या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. आयोग प्रसिद्ध करीत असलेली बनावट विद्यापीठांची यादीही तपासावी. दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी आता 'डीईबी आयडी' हा विद्यार्थी क्रमांक काढावा लागतो. तो न मागता प्रवेश देणाऱ्याविषयी शंका घ्यावी. शुल्क विद्यापीठाच्या नावे भरून पावती जपून ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांनाही ही माहिती वाचून दाखवावी. शुल्काचे पैसे बहुधा त्यांच्याच कष्टाचे असतात.

६.५ सारांश

'मान्यता' हा एकटा शब्द अपुरा आहे. कोणी, कशाला, कोणत्या कायद्याने, कोठे व केव्हासाठी, आणि माझ्या कोणत्या उद्देशासाठी – या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याचे वाक्य पूर्ण होते. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंचे नाव जळगावच्या विद्यापीठास आहे. ज्ञान पदवीवाचूनही थोर असू शकते, याचे स्मरण ते नाव देत राहते. परंतु ज्याने पदवीसाठी शुल्क भरले आहे, त्याच्या हाती खरी पदवीच पडली पाहिजे. पारोळ्याच्या त्या तरुणाने पुढे मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून पुन्हा आरंभ केला. तीन वर्षे मात्र परत आली नाहीत.

६.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'शासनमान्य', 'विद्यापीठसंलग्न' व 'मान्यताप्राप्त' या समासांचा विग्रह करून प्रत्येकात कोणता अर्थ अनुक्त राहतो, ते लिहा.
२. नोंदणी, मूल्यांकन आणि मान्यता यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
३. "परंपरेची मान्यता आणि कायद्याची मान्यता या परस्परविरोधी नाहीत." चर्चा करा.

उपक्रम : आपल्या गावात लागलेली दूरस्थ शिक्षणाची एखादी जाहिरात मिळवा. तिच्यातील प्रत्येक विशेषणासमोर या घटकातील पाच प्रश्न मांडा. ज्या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत नाहीत, ते संबंधित संस्थेस विचारणारे पत्र शुद्ध व औपचारिक मराठीत लिहा.