दुगुन वाजवण्याआधी

चि. ओंकार,


तुझा सायबरपंकचा व्हिडिओ काल रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर निवांत पाहिला. तीनदा पाहिला. कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम त्याचा, आकडा ११०च्या आसपास आणि तरीही मोटारसायकल जपानटाउनच्या वळणावर आली की चित्राला हिसका बसतो. पुढे दोन सेकंद सगळं गुळगुळीत, मग पुन्हा हिसका. "मामा, ११० एफपीएस असून अडकतंय म्हणजे कार्डच गेलं," असं तू लिहिलंस. नव्या ग्राफिक्स कार्डाचा विषय आईकडे काढल्याचंही तिच्याकडून कळलं. हे कार्ड तुझ्या बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून घेतलंय, त्याला वर्षही झालेलं नाही. कार्ड उत्तम आहे. मी खाली सांगतो ते सगळं करून होईपर्यंत तो विषय घरात पुन्हा काढू नकोस.

त्या ११० फ्रेममधल्या ५५च तुझ्या गेमने काढल्या आहेत. उरलेल्या ५५ कार्डाने आजूबाजूच्या दोन फ्रेम आणि हालचालीची माहिती बघून अंदाजाने मध्ये भरल्या. सायबरपंकला त्या भरलेल्या फ्रेमचा पत्ताही नसतो. त्या क्षणी तू माउस हलवलास तर त्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. एनव्हिडियाने फ्रेम जनरेशनची ही सोय २०२२ साली ४० मालिकेच्या कार्डांबरोबर आणली, एएमडीची एफएसआर ३ पुढच्या वर्षी आली, आणि २०२५च्या ५० मालिकेत एका खऱ्या फ्रेममागे तीन भरलेल्या फ्रेमपर्यंत मजल गेली.

तू चार वर्षं तबला शिकतोयस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. तीनतालाची ठाय पक्की झाल्याशिवाय गुरुजी तुला दुगुन वाजवू देत नाहीत. ठायीत एखादी मात्रा केसभर मागे पडली तर समोरचा कदाचित सोडून देईल, दुगुनीत तीच चूक लगेच कानाला खटकते. फ्रेम जनरेशन ही चित्राची दुगुन आहे: तेवढ्याच वेळात दुप्पट फ्रेम. नवी कार्डं चौगुनही करतात. पण ठाय मुळात डळमळीत असेल तर ती सावरणं यांपैकी कुणाचंच काम नाही.

आकड्यांत बघ. ५५ एफपीएस म्हणजे दर १८ मिलिसेकंदांना एक खरी फ्रेम. मध्ये एक भरली की दर ९ मिलिसेकंदांना डोळ्यापुढे काहीतरी नवं येतं. आता वळणावर एक खरी फ्रेम ७० मिलिसेकंद रखडली. कार्ड तिच्या मध्येही एकच फ्रेम भरतं, म्हणजे ३५ आणि ३५. नऊ-नऊच्या चालीला सरावलेल्या डोळ्याला ही पस्तिशी ठेच लागल्यासारखी जाणवते. आणि सेकंदात असा एक हिसका आला तरी सरासरी ११०वरून फार तर १०४वर उतरते. म्हणून तो आकडा बघत बसू नकोस. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिवाट्युनर घाल, आणि स्क्रीनवर फ्रेमटाइमची रेघ लाव. ती सपाट दिसली तर लय बरी आहे. खिळा वर आल्यासारखी टोकं दिसली तर तोच तुझा हिसका.

आता पहिलं काम: फ्रेम जनरेशन बंद कर. तुला ते पटणार नाही, तरी कर. बंद करून त्याच वळणावरून त्याच वेगाने तीनदा गाडी ने आणि रेघ बघ. पहिल्या फेरीत टोक आलं आणि पुढच्या दोन फेऱ्यांत गेलं, तर तो शेडर तयार होण्याचा वेळ होता. ड्रायव्हर नवा घातला की हे काही वेळ होतं आणि आपोआप निवळतं. दर फेरीत त्याच जागी टोक येत असेल, तर तिथे काहीतरी डिस्कवरून वेळेत पोचत नाही, नाहीतर प्रोसेसरला तेवढी गर्दी झेपत नाही. आणि टोकं कुठेही, कधीही येत असतील, तर मागे चालणारं काहीतरी शोध: रेकॉर्डिंग, अँटिव्हायरस, ओव्हरले. व्हिडिओवरून मला तुझं दुखणं मधलं वाटतंय, पण रेघ बघितल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही.

तू टास्क मॅनेजरचे जे फोटो पाठवलेस, त्यांत मला तीन गोष्टी दिसल्या.

एक, गेम डी ड्राइव्हवर आहे आणि तुझा डी ड्राइव्ह म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क. सायबरपंकने २.० आवृत्तीपासून एसएसडी ही किमान अट केली आहे. मोटारसायकल पळवताना शहराचा पुढचा तुकडा सतत उचलून आणावा लागतो, आणि फिरत्या डिस्कला ते जमत नाही. सी ड्राइव्हवरचे न खेळलेले दोन गेम काढ आणि हा तिकडे हलव. स्टीममध्येच हलवायची सोय आहे, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही.

दोन, रॅमची एकच स्टिक आहे आणि ती २१३३वर चालतेय. तिच्यावर छापलंय ३२००. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं नाही की असंच होतं. काही बोर्डांवर त्याच गोष्टीला डीओसीपी म्हणतात. ते चालू कर. एक स्टिक २१३३वर सेकंदाला साधारण १७ जीबी माहिती देते, आणि दोन स्टिक ३२००वर ५१. म्हणजे तुझा रायझन ५ ५६०० तिप्पट अरुंद नळाखाली बादली धरून उभा आहे. गेममधल्या बाजाराच्या गल्लीतली माणसं, त्यांच्या गाड्या, सिग्नल, हे सगळं प्रोसेसर आणि रॅम मिळून चालवतात. त्यात कार्डाचा संबंध नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून सलते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आईबरोबर दुकानात आला. गेम अडकतो म्हणाला. मी कॅबिनेट उघडलं, जुनं कार्ड बघितलं आणि नवं सुचवलं. माउलीने पर्समधून मोजून पैसे दिले. आठवड्याने तो परत आला, हिसके तसेच. तेव्हा कुठे मी रॅमकडे बघितलं: एकच स्टिक. दुसरी घातली आणि पाच मिनिटांत काम झालं. ते कार्ड मी परत घेतलं, पण त्या बाईंचा चेहरा विसरलो नाही. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कुणाला काही विकत नाही, आणि तुलाही घेऊ देणार नाही.

तीन, कार्डाची मेमरी. तुझ्या ४०६० कार्डावर ८ जीबी आहे आणि फोटोत ७.८ भरलेली दिसते. फ्रेम जनरेशनला स्वतःसाठी काही शे एमबी लागतात, ते याच आठातून जातात. पेला काठोकाठ असताना आणखी ओतलंस की उरलेलं रॅममध्ये सांडतं. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. रॅममधून कार्डापर्यंतचा रस्ता तुझ्या बी४५० बोर्डावर जेमतेम ८ जीबीचा, कारण ४०६० आठच लेन वापरतं आणि हा बोर्ड पीसीआयई ३.०चा आहे. चौतीसपट हळू. तिथून एखादी भिंत आणायची वेळ आली की फ्रेम रखडणारच. टेक्श्चर क्वालिटी हायवरून मीडियमवर आण. ते गेमच्या मुख्य मेनूतूनच बदलता येतं, खेळ चालू असताना नाही, म्हणून तुला सापडलं नसेल. पाथ ट्रेसिंग बंद कर. तू त्या दिव्यांच्या प्रतिबिंबांवर किती जीव लावतोस ते मला माहीत आहे, पण ८ जीबीत ते आणि फ्रेम जनरेशन एकत्र सुखाने नांदत नाहीत. प्रोसेसर दमतोय असं वाटलं तर गेममधली गर्दीही एक पायरी कमी कर.

या तिन्ही गोष्टी एका दिवसात करू नकोस. एक बदल, मग तेच वळण, तीन फेऱ्या, रेघेचा फोटो. मग दुसरा. सगळं एकदम बदललंस तर नेमकं काय होतं ते तुला कधीच कळणार नाही.

फ्रेम जनरेशन बंद ठेवून ६०च्या वर सपाट रेघ मिळाली, की मग दुगुन कर. चालू केल्यावर खऱ्या फ्रेम थोड्या घटतील, कारण भरण्याचं कामही त्याच कार्डाला करावं लागतं. म्हणून बंद असताना कार्ड ९९ टक्क्यांवर धापा टाकत असेल, तर आधी डीएलएसएस क्वालिटीवरून बॅलन्स्डवर ये. माउस जरा जड वाटेल, त्याने घाबरू नकोस. मधली फ्रेम काढायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणून चित्र किमान अर्धी फ्रेम मागे राहतं. ६०वर ते फारसं जाणवत नाही, ३०वर चिखलातून चालल्यासारखं होतं. मित्रांबरोबरच्या स्पर्धेच्या शूटर गेममध्ये मात्र हे वापरूच नकोस.

मॉनिटरचं राहिलं. केबल डिस्प्लेपोर्टची आहे ना, आणि ती बोर्डात नाही, कार्डात खोचलेली आहे ना, ते बघ. विंडोजमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय का तेही बघ, ६०वर राहून गेलेलं मी दर महिन्याला बघतो. जी-सिंक चालू, व्ही-सिंक एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये चालू आणि गेममध्ये बंद. असं ठेवलंस की एनव्हिडियाचा रिफ्लेक्स आपणहून १३८च्या आसपास लगाम घालतो. वेगळा लिमिटर लावू नकोस. आणि तुझ्या टास्कबारवर लॉसलेस स्केलिंगचं चिन्ह दिसलं, तेही फ्रेम भरणारंच, ते डीएलएसएसच्या फ्रेम जनरेशनच्या जोडीला कधीही चालवू नकोस. भरलेल्या फ्रेमच्या मध्ये पुन्हा भरलेल्या फ्रेम, म्हणजे दुगुनीवर दुगुन, आणि सम कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

एक्सएमपी चालू केल्यावर पीसी सुरू झाला नाही तर हात लावू नकोस, मला फोन कर. रॅमची दुसरी स्टिक मी गणपतीला येताना आणतो. त्याच कंपनीची आणि त्याच वेगाची हवी, म्हणून आत्ताच्या स्टिकवरचा स्टिकर नीट दिसेल असा फोटो पाठव, अंक अर्धवट नकोत. प्रोसेसरकडून मोजलं तर दोन्ही स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. तुझी स्टिक पहिल्या खाचेत असेल तर तशीच राहू दे, आपण दोघं मिळून बसवू.

आईला सांग, शनिवारी फोन करतो.

तुझा,
मामा