कानाखालची गाठ आणि तोंड वाकडं होण्याची भीती

“डॉक्टर, ऑपरेशननं तोंड वाकडं तर नाही ना होणार?” कानाखालच्या गाठीचा रुग्ण कॅन्सरच्याही आधी हे विचारतो. प्रश्न रास्त आहे. कानापुढची पॅरोटिड ही आपली सर्वांत मोठी लाळग्रंथी. चेहऱ्याची नस तिच्यातूनच जाते आणि तिथे तिच्या पाच फांद्या होतात. कपाळाला आठी घालणं, डोळा मिटणं, हसणं, सगळं त्यांच्या जोरावर. या फांद्या शोधून, जपून, त्यांच्यावरची गाठ भोवतालच्या ग्रंथीसकट उचलायची, हेच शस्त्रक्रियेतलं खरं कसब.

पॅरोटिडमधल्या दहापैकी साधारण आठ गाठी कॅन्सरच्या नसतात. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र जवळपास निम्म्या असतात. गाठ दुखत नाही म्हणून लेप लावत वर्षं घालवू नका. साधी गाठही पुढे बिघडू शकते. गालगुंड एक-दोन आठवड्यांत उतरतं. महिनाभर टिकलेली गाठ म्हणजे गालगुंड नव्हे.

सोनोग्राफीत बघून सुईनं पेशी काढतात, त्या तपासणीला घाबरू नका. “लहानशी तर आहे, जागेवर भूल देऊन काढून टाकू” असं कुणी म्हणालं तर मात्र सरळ उठून या. गाठ फुटली की पेशी सांडतात, ती पुन्हा उगवते आणि जुन्या व्रणात नस शोधणं महाकठीण होतं.

ऑपरेशनआधी चेहरा नीट हलत असेल तर नस बहुतेक वेळा वाचवता येते. ताणली गेल्यानं आलेला कमकुवतपणा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत जातो. तोवर डोळ्यात थेंब घालायचे, रात्री पापणी पट्टीनं मिटवून ठेवायची. कॅन्सरनं नसच गिळली असेल तर ती कापावी लागते आणि पायातल्या नसेचा तुकडा जोडतात. हालचाल परतायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि ती पूर्वीसारखी होत नाही. कानाची पाळी बधिर राहणं, जेवताना गालावर घाम येणं, हे काहींना होतं. घाम जेवतानाच का, हे ऐकून रुग्ण हसतात: लाळेच्या तुटलेल्या नसा चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात!

आजार आक्रमक असेल तर मानेतल्या गाठीही काढतात, नंतर सुमारे सहा आठवडे रेडिएशन. ‘अडिनॉइड सिस्टिक’ हा लाळग्रंथीच्या कॅन्सरचा प्रकार दहा वर्षांनीही फुप्फुसात डोकावू शकतो, म्हणून फेरतपासणी सोडू नका.

आणि गाठीच्या बाजूचा डोळा आताच नीट मिटत नसेल, तर सणवार, लग्नकार्य उरकायची वाट पाहू नका. याच आठवड्यात दाखवा.