बर्फावरील शिष्टाचार

शिष्टाचार म्हणजे गोड बोलणे आणि वडीलधाऱ्यांस नमस्कार करणे, एवढीच अनेकांची समजूत असते. सुरक्षितता हा त्याहून अगदी निराळा विषय मानला जातो. तो पोलिसांचा, अग्निशामक दलाचा किंवा फार तर व्यायामशिक्षकांचा! परंतु काही स्थळे अशी आहेत की, तेथे या दोहोंत भेदच उरत नाही. बर्फावरील फिगर स्केटिंगचा क्लब हे असे एक स्थळ होय. आपल्या उष्ण प्रदेशात हा खेळ फारसा परिचित नाही. यास्तव प्रथम त्याची थोडी ओळख करून घेऊ आणि मग तेथील आचारनियमांचा विचार करू.

खेळाचा परिचय

युरोप व उत्तर अमेरिका या खंडांतील थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठून जातात. पोलादी पाते बसविलेले बूट पायांत घालून त्या बर्फावरून घसरत जाणे म्हणजे स्केटिंग. फिगर स्केटिंग ही त्याची कलात्मक शाखा आहे. तीत उड्या, गिरक्या आणि संगीताच्या तालावरील पदन्यास असतात. 'फिगर' म्हणजे आकृती. पूर्वीचे खेळाडू एका पायावर तोल सांभाळून बर्फावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या आकृती कोरीत असत. त्यावरून हे नाव पडले.

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे अठराव्या शतकात स्थापन झालेला क्लब हा या खेळाचा सर्वांत जुना क्लब मानला जातो. त्याचे सभासदत्व सहज मिळत नसे. उमेदवारास प्रत्येक पायावर एकेक पूर्ण वर्तुळ काढून दाखवावे लागे. मग प्रथम एक टोपी, नंतर दोन आणि शेवटी तीन टोप्या एकीवर एक ठेवून त्यांवरून उडी मारावी लागे. १७७२ साली लंडन येथे रॉबर्ट जोन्स याने या विषयावरील पहिले ज्ञात पुस्तक प्रसिद्ध केले. १८७६ साली त्याच शहरात यंत्राने गोठविलेले कृत्रिम बर्फाचे क्रीडांगण सुरू झाले आणि खेळ ऋतूच्या बंधनातून मुक्त झाला. १८९२ साली आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली व १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले. आपल्या देशातही सिमला येथे १९२० साली नैसर्गिक बर्फाचे क्रीडांगण सुरू झाले. अशा क्रीडांगणास 'रिंक' म्हणतात.

या खेळाच्या बुटाचे पाते सुमारे चार मिलिमीटर जाड असते. त्याच्या तळाशी लांबवर एक उथळ खोबण असल्यामुळे त्यास आतली व बाहेरची अशा दोन धारा येतात. पुढल्या टोकास करवतीसारखे दाते असतात. बर्फावर घर्षण अत्यल्प असते. रस्त्यावर धावणारा मुलगा मनात येताच थांबतो; बर्फावर घसरणाऱ्यास मात्र थांबण्याची विद्या स्वतंत्रपणे शिकावी लागते. वेग, धारदार पोलाद आणि कठीण बर्फ हे तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे एकाचा निष्काळजीपणा दुसऱ्याच्या अंगावर जखम होऊन उमटतो. रिंकवरील सर्व नियमांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

एक शोकपूर्ण घटना

कृत्रिम बर्फ येण्यापूर्वी तर धोका याहूनही मोठा होता. लंडनमधील रीजंट्स पार्क या उद्यानात एक तळे आहे. १४ जानेवारी १८६७ रोजी त्यावरील बर्फ फुटून एकवीस माणसे पाण्यात पडली. सुदैवाने सर्वांना वाचविण्यात यश आले. वास्तविक एवढी सूचना पुरेशी होती. परंतु दुसऱ्याच दिवशी शेकडो लोक पुन्हा त्याच बर्फावर उतरले. बर्फ दुभंगला आणि सुमारे दोनशे माणसे गोठणाऱ्या पाण्यात कोसळली. तळ्याची खोली तेव्हा बारा फुटांपर्यंत होती. त्या दिवशी चाळीस जणांस प्राण गमवावे लागले. पुढे त्या तळ्याची खोली कमी करून ती सुमारे चार फुटांवर आणण्यात आली.

'इतके लोक जात आहेत, मग मला काय होणार?' असा विचार त्या गर्दीतील प्रत्येकाने केला असेल. गर्दी मात्र बर्फ अधिक मजबूत करीत नाही. उलट त्यावरील भार वाढविते. नैसर्गिक बर्फावर जाण्यापूर्वी तो तपासला आहे की नाही हे जाणत्या माणसास विचारणे आणि त्याने नको म्हटल्यास निमूटपणे परतणे, हा या खेळाचा पहिला धडा होय.

रिंकवरील आचार

आजच्या क्लबांत बर्फाखाली खोल पाणी नसते. तथापि एकाच वेळी अनेकजण वेगाने फिरत असल्यामुळे टक्कर होण्याचे भय असते. म्हणून बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंस पाहावे. कोणी येत असल्यास त्यास प्रथम जाऊ द्यावे. कठड्याशी गप्पा मारीत उभे राहू नये आणि क्रीडांगणाच्या मध्यभागी तर मुळीच थांबू नये.

मार्गाचा अग्रमान कोणाचा, हेही ठरलेले असते. ज्याच्या कार्यक्रमाचे संगीत वाजत असेल, त्यास सर्वांनी वाट द्यावयाची. तो चटकन ओळखू यावा म्हणून काही क्लबांत त्यास भडक रंगाचा पट्टा बांधावयास देतात. त्याच्या खालोखाल प्रशिक्षकांकडे धडा घेत असलेल्याचा मान असतो. यात थोरमोठेपणाचा प्रश्न नाही. संगीतावर उड्यांचा क्रम बांधलेला असतो. मध्येच मार्ग बदलणे त्या खेळाडूस कठीण जाते. आज ज्याने वाट दिली, उद्या त्याचे संगीत वाजू लागताच इतर त्यास वाट देतात.

'लुट्झ' नावाच्या उडीचे उदाहरण घ्या. या उडीसाठी खेळाडू लांब वळण घेत पाठमोरा कोपऱ्याकडे जातो. त्याची पाठ पुढे आणि तोंड मागे, अशी ती स्थिती असते. मागे वळून तो पाहतोच. पण उडीच्या क्षणी त्याचे सारे लक्ष तोलाकडे लागलेले असते. अशा वेळी कोपऱ्यात रेंगाळणाऱ्यास तो दिसणार कसा? म्हणून समजूतदार सभासद कोपरे मोकळे ठेवतात.

पडणे या खेळात अटळ आहे. त्यामुळे नवशिक्यास पहिल्याच दिवशी पडावे कसे आणि उठावे कसे हे शिकवितात. तोल जातो असे वाटताच गुडघे वाकवून एका बाजूस पडावे. मागे डोके आपटू देऊ नये. पडल्यावर बोटे पसरून बर्फावर ठेवू नयेत, मुठी मिटाव्या. कारण मागून येणारे पाते बोटांवरून जाऊ शकते. फार लागले नसल्यास लगेच उठून बाजूस व्हावे. कोणी उठू शकत नसेल, तर एकाने त्याच्याजवळ उभे राहून इतरांस सावध करावे व दुसऱ्याने प्रशिक्षकांस बोलवावे. पडलेल्यास हसणे हा तर असभ्यपणाचा कळस! हसणाराही थोड्याच वेळात पडणार असतो.

बर्फाबाहेर चालताना पात्यांवर आवरणे चढवावी आणि बर्फावर उतरण्यापूर्वी ती न विसरता काढावी. आवरणासह उतरलेला मनुष्य क्षणात भुईसपाट होतो. बुटांच्या नाड्यांची टोके आत खोचावी, केस बांधावे व मोकळा रुमाल गळ्यात ठेवू नये. खाण्याचे पदार्थ बर्फावर नेऊ नयेत. एखादा लहानसा तुकडाही पात्यास अडवून खेळाडूस पाडू शकतो. उडीने बर्फात खड्डा पडल्यास तो बर्फाच्या चुऱ्याने भरावा.

ठराविक वेळाने एक यंत्र येऊन बर्फाचा वरचा थर खरवडते व त्यावर गरम पाणी पसरते. ते गोठून पृष्ठभाग पुन्हा आरशासारखा होतो. १९४९ साली फ्रँक झँबोनी याने कॅलिफोर्नियात असे पहिले यंत्र यशस्वी केले. हे यंत्र बाहेर जाऊन दारे बंद होईपर्यंत कोणीही बर्फावर उतरू नये, असा कडक नियम आहे.

जुन्या काळी आकृतींच्या सरावासाठी प्रत्येकास बर्फाचा एकेक स्वच्छ पट्टा नेमून देत. दुसऱ्याच्या पट्ट्यावरून जाणे हा मोठा अविनय समजला जाई. दारातील रांगोळी आपण जशी ओलांडीत नाही, तसेच हे होते. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृतींचा हा विभाग वगळण्यात आला. परंतु दुसऱ्याच्या परिश्रमावर पाय न देण्याची ती शिकवण जुनी झालेली नाही.

निष्णातांसही नियम हवेच

हे सारे नवशिक्यांसाठी आहे, असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०१४ मध्ये शांघाय येथील स्पर्धेत, स्पर्धेपूर्वीच्या सरावात जपानचा युझुरु हान्यू आणि चीनचा हान यान यांची वेगात समोरासमोर धडक झाली. हान्यू हा त्याच वर्षीचा ऑलिंपिक विजेता होता. दोघेही जखमी झाले. डोक्यास पट्टी बांधून हान्यू पुन्हा उतरला, पाच वेळा पडला आणि तरीही त्याने दुसरा क्रमांक मिळविला. त्याच्या धैर्याचे कौतुक झाले. पण डोक्यास मार लागलेल्या खेळाडूस खेळू द्यावे काय, असा रास्त प्रश्नही अनेकांनी विचारला. डोक्यास इजा झाल्यावर 'मला काही झाले नाही' असे म्हणण्यात शौर्य नाही. तेथे डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या पायांखाली असा बर्फ कधी येणार नाही. आपल्या शहरांत चाकांचे स्केट वापरणारी मुले मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांस हे नियम जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतात. ज्यांस तेही साधन नाही, त्यांना शाळेचा जिना आहे, पोहण्याचा तलाव आहे, सायकलींनी भरलेला रस्ता आहे. तेथेही उतरण्यापूर्वी दोहों बाजूंस पाहावे, ज्याची पाळी असेल त्यास वाट द्यावी, पडलेल्यास हसू नये व जाणत्याने दिलेली सूचना मानावी. रीजंट्स पार्कच्या तळ्यावर आदल्या दिवशीची सूचना मानली गेली असती, तर ती चाळीस माणसे संध्याकाळी आपापल्या घरी परतली असती.