समुद्राला जायचंय? मग पाडव्यापासून तयारी!



मागच्या पाठात आपण गटाची कर्जवही कशी तपासायची ते शिकलो. आजचा पाठ जरा वेगळा आहे. विषय आहे सहलीचा. कुणी म्हणेल, सहलीला कसला आलाय पाठ? गाडीत बसायचं आणि जायचं! आम्हीही तसंच म्हटलं होतं. पुढं काय झालं ते आधी ऐका.

आमच्या बारा जणींच्या गटानं पहिल्यांदा समुद्राला जायचं ठरवलं ते आठ दिवसांत. पैसे जमले नव्हते. कुणीतरी म्हणालं, "पेटीतले घेऊ, महिन्याभरात भरू." सगळ्यांनी मान डोलावली. नऊ जणी गेलो, मजा करून आलो. परत आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी गटातल्या एका बहिणीचं पोर तापानं फणफणलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिनं तीन हजाराचं कर्ज मागितलं. पेटीत होते अकराशे. तिनं शेवटी गावातून महिन्याला शेकडा पाच रुपये व्याजानं पैसे उचलले. आणि सांगायला लाज वाटते, पण जे तीन जणी सहलीला आल्या नव्हत्या, त्यातलीच ती एक. पैसे नाहीत म्हणून ती आली नव्हती, आणि आम्ही तिच्याच हक्काचे पैसे फिरण्यात घालवले होते.

पोर बरं झालं. पण त्या दिवसापासून आमच्या गटानं ठरवलं, सहल करायची ती आपल्या पंचसूत्रीनंच. पुढच्या वर्षी बाराच्या बारा जणी गेलो. ते कसं जमलं, ते या पाठात सांगते. आम्ही कोल्हापूरकडच्या, म्हणून उदाहरण कोल्हापूर ते गणपतीपुळ्याचं घेतलंय. तुमचं गाव आणि किनारा वेगळा असेल, रीत तीच.

१. बैठक : तारीख कशी ठरवायची?

पाडव्याच्या आसपासच्या बैठकीत विषय मांडा आणि इतिवृत्तात ठराव लिहा. तारीख ठरवताना भिंतीवरचं पंचांग पुढ्यात घ्या आणि चार गोष्टी बघा.

शेतीचं काम : दसरा ते दिवाळी भातकापणी आणि फराळ, दोन्ही अंगावर असतं. तेव्हा कुणाचंच मन लागत नाही.

गर्दी : भाऊबीजेनंतर शाळांना सुट्टी असते. किनाऱ्यावर शहरातली माणसं लोटतात, खोल्यांचे दर चढतात. त्रिपुरी पौर्णिमा झाली की गर्दी ओसरते. संकष्टी मात्र टाळा. त्यात ती मंगळवारी, म्हणजे अंगारकी आली, तर पुळ्याला पाय ठेवायला जागा नसते.

हवा : शरद संपत येतो, पाऊस गेलेला असतो, ऊन सोसवतं. तरी निघायच्या आधी दोन दिवस हवामान खात्याचा अंदाज ऐकायचाच. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळानं कोकण किनाऱ्याला झोडपलं, ते कार्तिक वद्यातच. वादळाचा इशारा असेल तर सहल पुढं ढकला. समुद्र कुठं जात नाही.

भरती-ओहोटी : हे चौथं सगळ्यात महत्त्वाचं, त्याचा हिशोब पुढं दिलाय.

हे सगळं बघून आम्ही कार्तिक वद्य अष्टमीच्या आसपासचे दोन दिवस धरले. शनिवार-रविवार सोडून.

२. बचत : आठवड्याला पन्नास रुपये

आधी खर्च मांडायचा, मग हप्ता ठरवायचा. आम्ही धरलेला अंदाज माणशी असा होता :

- एसटी, गाव ते गणपतीपुळे जाऊन-येऊन : ३५० रुपये
- राहणं, एक रात्र, एका खोलीत तिघी (खोली १५०० रुपये) : ५०० रुपये
- दोन दिवसांचं जेवण, चहा, नाश्ता : ५०० रुपये
- तिथली रिक्षा : १०० रुपये
- अडीअडचण : १५० रुपये
- एकूण : १६०० रुपये

बारा जणींचे १९,२०० झाले. तुमच्याकडचे दर तुम्ही फोन करून विचारा आणि याच रकान्यांत भरा. अडीअडचणीचा रकाना मात्र खोडू नका.

पाडव्यापासून कार्तिक वद्य अष्टमीपर्यंत बत्तीस आठवडे मिळतात. १६०० भागिले ३२, म्हणजे आठवड्याला ५० रुपये. अधिक महिना आला तर आणखी चार आठवडे हातात.

आता ज्या बहिणीचं पोट मजुरीवर आहे तिला दर आठवड्याला पन्नास जमतीलच असं नाही. म्हणून आम्ही नियम केला, महिन्याचे दोनशे व्हायला हवेत. भांगलणीच्या दिवसांत हातात रोख असते तेव्हा सत्तर-ऐंशी द्या, काम नसेल त्या आठवड्यात वीस-तीस. या एका नियमामुळं आमच्या तिघी जणी आल्या. शिवाय गटानं दिवाळीच्या चकलीची ऑर्डर मिळून केली आणि त्यातला नफा सगळ्यांच्या नावावर सारखा टाकला. कुणाला फुकट नेलं असं झालं नाही. प्रत्येक जण आपल्या पैशानं आली, म्हणून मान वर करून आली.

एसटीचं लक्षात ठेवा. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या आजींना प्रवास मोफत, त्यासाठी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ हवं.

३. कर्ज : सहलीसाठी नाही!

अंतर्गत कर्ज घ्यायचं ते औषधपाण्याला, शिक्षणाला, धंद्याला. सहलीला नाही. गटाची बचत, फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी, बँकेचं कर्ज, यातला एक रुपयाही सहलीकडं वळवायचा नाही. सहलीचे पैसे बँकेत गटाच्याच खात्यावर ठेवा, पण वहीत त्याचं पान वेगळं करा आणि वर लिहा "सहल बचत". घरातल्या डब्यात ठेवू नका. डब्यातला पैसा मीठ-मिरचीला लागतोच.

मधेच कुणी आजारी पडली, येणं जमलं नाही, तर तिचे पैसे पूर्ण परत द्यायचे, हेही ठरावात आधीच लिहा. नंतरचं भांडण वाचतं.

४. परतफेड : म्हशीची धार कोण काढणार?

खरं सांगा, आपल्याला अडवतं कोण? नवरा नाही, सासूही नाही. अडवते ती गोठ्यातली म्हैस! सकाळ-संध्याकाळ धार आणि डेअरीला दूध, हे दोन दिवस कोण बघणार? पोरांचा डबा कोण करणार?

यावर आम्ही जुनाच उपाय काढला, पैरा. भांगलणीला आपण एकमेकींच्या शेतात पैऱ्यानं जातो, तसंच सहलीला. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या गटाशी बोललो. कार्तिक वद्य अष्टमीला आम्ही गेलो, त्यांनी आमच्या म्हशी सांभाळल्या. पंधरा दिवसांनी मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला त्या गेल्या, आम्ही त्यांचा गोठा बघितला. मार्गशीर्षातला गुरुवार तेवढा टाळला, म्हणजे लक्ष्मीची मांडणी चुकत नाही. कुणाची म्हैस कुणी बघायची, कुठली खोड्याळ आहे, वैरण कुठं ठेवलीय, सगळं कागदावर लिहून दिलं.

घरात सांगतानाही तारीख, खर्च, मुक्कामाचा पत्ता आणि परत यायची वेळ असं सगळं एकदम सांगा. "जाऊ का?" असं विचारण्यापेक्षा "अशी अशी सोय केलीय" असं सांगितलं की घरच्यांच्या शंका निम्म्या होतात. एका घरी तर सासरेच म्हणाले, "एवढं ठरवलंय तर जा की!"

५. भरती-ओहोटीचं गणित

आता समुद्राचा पाठ. कोकणातल्या जाणत्या माणसांचा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पाऊणपट म्हणजे त्या आकड्याचा चौथा भाग वजा करायचा. शुद्ध असो वा वद्य, रीत एकच.

- चतुर्थी : ४ ची पाऊणपट ३. भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास.
- अष्टमी : ८ ची पाऊणपट ६. भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास.
- पौर्णिमा : १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास.

भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. नक्की वेळ तिथल्या कोळ्यांना विचारावी.

दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. पहिल्यांदाच समुद्र बघणाऱ्या बायकांना भांगाचे दिवस बरे.

पण भांग आहे म्हणून बिनधास्त होऊ नका. गणपतीपुळ्याचा समुद्र वरून शांत दिसतो, पण पोहायला धोक्याचा आहे. तिथं अनेकांचे जीव गेलेत. म्हणून हे नियम पाठच करा :

- पाणी घोट्यापर्यंत, फार तर पिंढरीपर्यंत. गुडघ्याच्या वर नाही.
- ओहोटी चालू असताना पाणी आत ओढतं. तेव्हा वाळूवर फिरा, शिंपले वेचा, पाण्यात जाऊ नका.
- दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा सपाट, गढूळ, बिनलाटांचा दिसतोय, तर तिथं जाऊ नका. आपल्याला वाटतं तिथं पाणी शांत आहे. खरं तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरानं परत जातं आणि माणसाला घेऊन जातं.
- कुणी ओढली गेलीच तर किनाऱ्याकडं झटू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावं, तरंगत राहावं, हात वर करून ओरडावं.
- वाचवायला मागून उड्या टाकू नका. दोरी फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका, तो तरंगतो. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करा.
- भिजलेलं लुगडं पायात गुंडाळतं आणि जड होतं. शक्यतो पंजाबी ड्रेस घाला, नाहीतर साडी वर खोचून घ्या.
- सोनं घरी. गळ्यात काळी पोत पुरे.
- जोड्या करा. प्रत्येकीनं आपल्या जोडीदारणीवर नजर ठेवायची. अंधार पडायच्या आत सगळ्या वर.

६. दोन दिवस कसे घालवायचे?

पहिला दिवस : पहाटे निघा. कोल्हापूरहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असा रस्ता आहे. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढची जागा, जवळ आवळासुपारी आणि पिशवी. दुपारचं जेवण घरची भाकरी-चटणी. मुक्कामाची खोली आधीच फोन करून ठरवलेली असावी. देवस्थानचं भक्तनिवास, पर्यटन महामंडळाचं निवास आणि घरगुती सोय, तिन्हीकडं विचारून बघा. संडास-बाथरूमबद्दल विचारायला लाजू नका. संध्याकाळी चारनंतर किनारा. सूर्य सहाच्या सुमारास पाण्यात बुडतो.

दुसरा दिवस : सकाळी दर्शन. हा गणपती पश्चिमेकडं तोंड करून आहे आणि प्रदक्षिणा देवळाला नाही, अख्ख्या डोंगराला घालायची असते. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चालावं. तिथून जवळच मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर आणि स्मारक बघण्यासारखं आहे. बाजारात कोकम, आगळ, फणसपोळी विकणाऱ्या बायका भेटतात. घासाघीस करण्याआधी त्यांना विचारा, माल किती दिवस टिकतो, पाकीट कसं बंद करता, लेबलावर काय लिहिता? आम्हाला आमच्या नाचणी पापडाच्या पाकिटाची युक्ती तिथंच मिळाली. दुपारी परतीची गाडी.

पिशवीत हे हवंच : आधार कार्ड, बीपी-साखरेच्या गोळ्या, पॅड, टॉर्च, कोरडे कपडे, घरचा नंबर लिहिलेला कागद.

७. नोंद : आल्यावर आठ दिवसांत हिशोब

तिकिटं, खोलीची पावती, जेवणाचं बिल, सगळं एका पाकिटात. पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. आमचे माणशी ११५ रुपये उरले. ते वाटले नाहीत, पुढच्या वर्षीच्या "सहल बचत" पानावर पहिली ओळ म्हणून लिहिले.

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी अडुसष्ट वर्षांच्या. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबल्या, समुद्र कधी बघितला नव्हता. पायावरून पहिली लाट गेली तशा त्या मागं सरकल्या, मग हसायला लागल्या. बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी विचारलं, "मावशी, काय बघताय?" त्या म्हणाल्या, "काय न्हाय गं. आज कुणी हाक मारंना, म्हणून उभी हाय."

सख्यांनो, आपल्याला कुणी हाक मारत नाही असे दोन दिवस वर्षातून मिळायला हवेत. ते कुणाच्या दवाखान्याच्या पैशातून मिळवायचे नाहीत, एवढंच.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गटात सहलीला "येत नाही" म्हणणारी बहीण कोण? तिची खरी अडचण पैसा, गोठा की घर?
२. आपल्या माणशी खर्चाचा तक्ता तयार करा. आठवड्याचा हप्ता किती येतो?
३. एकादशीला भरती किती वाजता येईल? (११ ची पाऊणपट करा. उत्तर : सव्वाआठच्या सुमारास.)
४. आपण पैरा कुठल्या गटाशी करू शकतो?